खाऱ्या पाण्यात इनहिबिटर टाकण्याआधी बरणीत तपासा

इनहिबिटर म्हणजे पाण्यात मिसळायचं, गंज रोखणारं रसायन. उघड्या समुद्रात तो वाहूनच जातो. तिथे रंग आणि जस्ताचे ॲनोडच (पोलादाऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) हवेत. पण खारं पाणी टाकीत किंवा बंद पाइपांत कोंडलेलं असेल, तर इनहिबिटर गंजाचा वेग खरोखर कमी करतो. फक्त डोस अंदाजाने घालू नका.

मी अशी चाचणी करते. एक लिटर द्रावणात ३५ ग्रॅम मीठ. माइल्ड स्टीलच्या ५० × २५ × २ मिलिमीटरच्या पट्ट्या पॉलिश पेपरने घासून, ॲसिटोनने पुसून, कोरड्या करून वजन करायच्या. प्रत्येक पट्टी वेगळ्या बरणीत, दोऱ्याने टांगलेली. एक बरणी नुसत्या मिठाच्या पाण्याची, बाकीच्यांत चढत्या क्रमाने इनहिबिटर. मुदत ३० दिवस.

नंतर पट्ट्या भरपूर पाण्याने धुवा, मगच गंज काढायच्या आम्लात बुडवा. इनहिबिटर नायट्राइट असेल आणि ते पट्टीवर राहून गेलं, तर आम्लात विषारी वायू सुटतो. न गंजलेली एक पट्टीही सोबत बुडवा. तिची घट म्हणजे आम्लाने खाल्लेलं लोखंड, ते हिशेबातून वजा करा.

गंजाच्या वेगाचा हिशेब असा: मिलिग्रॅममधली घट गुणिले ८७.६ (एककं जुळवणारा आकडा), भागिले (घनता ७.८५ × क्षेत्रफळ २८ चौरस सेंटिमीटर × ७२० तास). २३० मिलिग्रॅम घट म्हणजे वर्षाला सुमारे ०.१३ मिलिमीटर.

आकडा लहान आला म्हणून लगेच खूश होऊ नका. गोड्या पाण्यात चालणारा नायट्राइटचा डोस मी एकदा खाऱ्या पाण्यात वापरला. वजन जेमतेम घटलं, पण भिंगाखाली पट्टीभर खोल खड्डे! नायट्राइट पोलादावर पातळ संरक्षक थर बसवतं. तो अपुरा राहिला की उघड्या राहिलेल्या इवल्याशा जागेवर गंजाचा सगळा जोर एकवटतो. मिठातलं क्लोराइड जितकं जास्त, तितकं नायट्राइट जास्त लागतं. एवढ्या खाऱ्या पाण्यात ते बहुधा परवडत नाही, म्हणून मी मॉलिब्डेट आणि जस्ताच्या क्षाराची जोडी आधी तपासते. जस्त कॅथोडवर, म्हणजे पोलादावर ऑक्सिजन जिथे खर्ची पडतो त्या जागी, हायड्रॉक्साइडचा थर धरून ऑक्सिजनची वाट अडवतं. क्रोमेट उत्तम चालतं, पण कर्करोग घडवतं. मी त्याला हातही लावत नाही.

निवडाल तो डोस खड्डे थांबलेल्या बरणीचाच असू द्या. टाकीत टाकल्यावर पाण्यातलं प्रमाण नियमित मोजा, कारण ते घटत जातं. आणि वापरलेलं द्रावण गटारात ओतू नका.