ब्रेकमधली एअर निघतच नाही? आधी निप्पल कुठे आहे ते बघा

माझी मारुती ८०० आहे १९९७ची. मागच्या उन्हाळ्यात पुढच्या दोन्ही कॅलिपरचे (चाकाची डिस्क आवळणारे ब्रेकचे भाग) रबर किट घरीच बदलले आणि एअर, म्हणजे ब्रेकच्या पाइपात शिरलेली हवा, काढायला बसलो. आई पेडलवर, मी चाकाशी.

"दाब."
"दाबलं."
"धरून ठेव."
"अरे धरलंय, पाय भरून आला माझा!"

दोन बाटल्या ब्रेक ऑइल संपलं, तरी पेडल भिजवलेल्या कणकेत पाय घातल्यासारखं मऊच. तिसरी बाटली आणायला निघताना सहज वाकून पाहिलं, तर कॅलिपरचं निप्पल, म्हणजे हवा सोडायचा छोटा पोकळ स्क्रू, खालच्या बाजूला! दोन्ही एकाच ट्रेमध्ये ठेवले होते, बसवताना डावा उजवीकडे गेला. बोल्ट बसतात, पाइप लागतो, कुठेच अडत नाही. पण हवा चढते वर आणि आपण ऑइल काढतो खालून. निप्पल वरच्या टोकालाच हवं. अदलाबदल केली आणि पाचव्या-सहाव्या दाबाला पेडल कडक.

तेव्हापासून बाटली उघडायच्या आधी मी पेडल नीट तपासतो. मऊ लागतंय आणि भराभर पंप केल्यावर वर येतंय, तर बहुतेक हवा. मऊ नाही पण फार खाली जाऊन लागतंय, तर मागच्या ड्रममधले ब्रेक शू ढिले असतील. हँडब्रेक ओढून पुन्हा पेडल दाबा. ते वर आलं, तर मागच्या ड्रमचं अॅडजस्टमेंट करा, एअर काढून उपयोग नाही. आणि पाय दाबून ठेवल्यावर पेडल हळूहळू खाली बसत असेल, बाहेर कुठेही गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलतो तो) रबरी वॉशर गेलेत.

जुन्या गाडीत हे वॉशर कधीकधी आपणच मारतो. रोजच्या वापरात सिलिंडरमधला पिस्टन बोअरच्या, म्हणजे आतल्या पोकळीच्या, थोड्याच भागात फिरतो, पुढे गंज आणि गाळ साचतो. एअर काढताना पेडल पार फ्लोअरला टेकवलं की रबर त्या गंजावर घासून कापतं. म्हणून आईच्या पायाखाली, पेडलच्या मागे, मी लाकडाचा ठोकळा ठेवतो. मास्टर सिलिंडर नवा टाकणार असाल तर आधी व्हाइसमध्ये धरून त्यातली हवा काढा. नंतर तिला बाहेर काढताना जीव जातो.

बाकी काम नेहमीचं. गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही. माशांच्या टाकीची पारदर्शक नळी निप्पलला, दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. निप्पल बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही, आणि दर चार-पाच दाबांनी मास्टर सिलिंडरवरच्या डब्यातलं ऑइल बघायचं. डबा रिकामा झाला की सगळं पहिल्यापासून. उघडून महिनोन् महिने पडलेली बाटली वापरू नका, ऑइल हवेतलं पाणी ओढतं.

ठोकून-पिळून निप्पल तुटलं, तर खर्च वाढतो. आदल्या रात्री गंजावर तेल सोडा आणि सहा कोनी रिंग पाना लावा, उघडा पाना नको.

झाल्यावर चाकांखाली वर्तमानपत्र पसरून रात्रभर गाडी तशीच ठेवा. सकाळी डाग नसेल तर गल्लीतच, सावकाश, दोन-तीन ब्रेक मारून बघा. सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं. माझ्या उजव्या मडगार्डला रुपयाएवढं टक्कल पडलंय, आई अजून दाखवते येणाऱ्याजाणाऱ्याला.