आंबियाचा तोडा गाडीच्या दिवसावरून ठरवा

आंबियाची, म्हणजे आंबिया बहाराची संत्री रंगावर आली की काटोल-नरखेडच्या बागांत व्यापाऱ्यांच्या फेऱ्या सुरू होतात आणि तोडा त्यांच्या ट्रकच्या सोयीने लागतो. यंदा माल रेल्वेने पाठवायचा विचार असेल, तर ही सवय आधी सोडा. ट्रक धुऱ्यावर चार तास उभा राहतो. मालगाडी तुमच्यासाठी थांबत नाही, पण तिला उशीर झाला तर तुमचा माल मात्र थांबतो.

मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग नागपुरात भेटतात. अजनीचा कंटेनर डेपो जुना. नागपूरचा मिहान प्रकल्प आणि बुटीबोरीजवळच्या बोरखेडीलाही आता कंटेनर चढतात. कंटेनरची खुबी एवढीच, की दार एकदा सील झालं की ट्रेलरवरून रेल्वेच्या वाघिणीवर आणि तिथून न्हावा शेवाला जहाजावर अख्खी पेटीच उचलली जाते, आतल्या फळाला हात लागत नाही. संत्र्याला खरा मार बसतो तो चढउतारातच.

आता दिवस उलटे मोजा. समजा गाडी गुरुवारी रात्रीची आहे. टर्मिनलच्या गेटमधून कंटेनर दुपारपर्यंत आत जायला हवा, म्हणजे भरणी सकाळी. त्याआधी बुधवारची रात्र फळ थंड व्हायला, बुधवारचा दिवस प्रतवारी आणि पॅकिंगला. म्हणजे तोडा मंगळवारी, तोही दव उडाल्यावर, दहाच्या सुमारास. ओल्या, टरारलेल्या सालीचं फळ जरा दाबलं गेलं तरी सालीतलं तेल फुटतं. तेव्हा काही दिसत नाही, दोन दिवसांनी तपकिरी डाग वर येतात. परतीचा पाऊस झाला असेल तर तोडा पुढे ढकला आणि गाडीही पुढची धरा. फळ ओढू नका, कात्रीने कापा. देठ सालीलगत ठेवा, नाहीतर तोच शेजारच्या फळात घुसतो आणि तिथूनच सड सुरू होते.

वातानुकूलित कंटेनर, म्हणजे रीफर, थंडावा टिकवतो. वावरातलं गरम फळ थंड करण्याची त्याची ताकद नाही, म्हणून प्रीकूलिंग आधी. नागपुरी संत्र्याला ६ ते ७ अंश सेल्सिअस पुरे. जास्त थंडी दिली तर सालच बिघडते. रुळावर रीफरला वीज जनरेटरवरच मिळते, तेव्हा डिझेल कोण भरणार आणि रात्री कोण बघणार, हे भाडं ठरवतानाच लेखी घ्या. आमच्या शेतकरी गटाने ते तोंडी ठेवलं होतं. ट्रेलर एक रात्र उभा राहिला, जनरेटर बंद. सकाळी दार उघडलं तर आतून वाफेसारखी ऊब आली. फळ वरून ठीक होतं, पण बाजारात पोचेस्तोवर खालचे थर बुरशीने हिरवे झाले होते.

दिल्लीकडच्या मालाला पार्सल व्हॅनचा, म्हणजे रेल्वेच्या बंद मालडब्याचाही रस्ता आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूरहून दिल्लीच्या आदर्श नगरला संत्र्याची किसान रेल सुटली, तेव्हा भाड्यात ५० टक्के अनुदान होतं. तो हिशेब डोक्यातून काढा, आजचा दर पार्सल कार्यालयात विचारा. मोठ्या व्हॅनमध्ये सुमारे २३ टन माल बसतो, म्हणजे २० किलोचे साडेअकराशे क्रेट. एकट्या चार एकरवाल्याचं ते काम नाही; गट करा, आणि प्रतवारी सगळ्यांची एकाच ठिकाणी करा. चुरी, म्हणजे बारीक फळ, मिसळली की भांडण ठरलेलं. नागपूरच्या कळमना बाजारापुरता किंवा रायपूरपुरता माल असेल तर मात्र सरळ ट्रकच बरा, रेल्वेच्या दोन टोकांची वाहतूक आणि हमाली तेवढ्या अंतरात निघत नाही.

खरं सांगायचं तर रेल्वे कंटेनरला सगळ्यात मानवतो तो न नासणारा, वजनदार माल: कापसाच्या १७० किलोच्या गाठी, सोयाबीनची ढेप, भंडारा-गोंदियाचा तांदूळ. यांना दोन दिवस उशिराचं भय नाही, ओलाव्याचं आहे. दिवसा तापलेला पत्रा रात्री थंड झाला की आतल्या ओलाव्याचं पाणी होऊन छतावरून मालावर ठिबकतं. माल नीट वाळलेला असू द्या आणि भरणीआधी रिकाम्या कंटेनरमध्ये स्वतः उभे राहून बाहेरून दार लावायला सांगा. कुठूनही उजेडाची तिरीप दिसली तर तो कंटेनर परत करा. भरणी झाली की सीलच्या नंबरचा फोटो काढून ठेवा.