वरच्या पाड्याला पाणी कसं चढवलं (माझा अनुभव)
मी ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यात ग्रामपंचायत मेंबर आहे. भातसा, तानसा आमच्याच तालुक्यात, पाणी जातं मुंबईला, आमचं म्हणजे धरण उशाला नि कोरड घशाला. पाड्यावर टाकी होती, पाइपलाइन होती, पण खालच्या आळीत काही नळांना तोट्याच नाहीत मग वर प्रेशर पोचणार कसं? सगळे म्हणायला लागले नवीन टाकी बांधा. मला काही ते पटेना, प्लंबरला घेऊन अख्खी लाइन चालत बघितली तर लाइन वरच्या पाड्याला नि खालच्या आळीला फुटते त्या फाट्यावर व्हॉल्व्हच नाही!

ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "मेंबर, काम आराखड्यात नाही, बिल कसं काढू?" बरोबरच होतं त्यांचं. 15व्या वित्त आयोगाच्या निधीतले (2021-26) 30 टक्के पाण्यासाठी बंधित होते, म्हणजे त्याच कामाला वापरायचे, पण काम गावाच्या विकास आराखड्यात नसेल तर पैसा हलत नाही, नवीन मेंबरांनी हे आधी बघा. मग काम आराखड्यात घ्यायला ग्रामसभेत ठराव घेतला, बायकांना मुद्दाम पुढे बसवलं, त्यामुळे कोणी फाटे फोडले नाहीत.

आता फाट्यावर दोन व्हॉल्व्ह, खाली तोट्या, सकाळी आधी वरचा पाडा मग खालची आळी. खालचे थोडे रुसले, एका काकांनी तर व्हॉल्व्हची चावीच लपवली होती, म्हणून चावी आता पाड्यावरच्या मावशींकडे असते.