सिग्नलला थांबलं की एसी गरम? आधी पंखा आणि पुढची जाळी बघा

गाडी धावताना एसी गार, पण सिग्नलला किंवा टोलच्या रांगेत उभी राहिली की गरम हवा. असं होत असेल तर लगेच गॅस भरायला जाऊ नका. बहुतेक वेळा कंडेन्सरला, म्हणजे एसीच्या गॅसमधली उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाला, हवा कमी पडत असते.

१. इंजिन आणि एसी चालू ठेवून बॉनेट उघडा. रेडिएटरजवळचा पंखा एक-दोन मिनिटांत फिरायला हवा. फिरत नसेल तर गाडी बंद करून पंख्याचा फ्यूज बघा; कोणता ते फ्यूज बॉक्सच्या झाकणावर दिलेलं असतं.

२. पंखा फिरतोय? मग बंपरच्या जाळीतून टॉर्च मारा. सगळ्यात पुढे असतो तो कंडेन्सर, रेडिएटर त्याच्या मागे. कंडेन्सरच्या बारीक पात्यांत धूळ, किडे, वाळका पाला अडकून नमद्यासारखा जाड थर तयार होतो. इंजिन पूर्ण गार झाल्यावर बागेच्या पाइपने हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशर अजिबात नको, पाती वाकतात.

हायवेवरही हवा गरमच येत असेल तर मात्र गॅस तपासून घ्या. गॅस वर्ष-दोन वर्षांत संपायची वस्तू नाही. कमी झालाय म्हणजे गळती आहे. ती शोधल्याशिवाय नुसता भरून घेणं म्हणजे पैसे वाया.

सांभाळा: काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो. हात, ओढणी, सैल बाही लांब ठेवा.