कुत्र्याला आधी ‘सोड’ शिकवा, शेकहँड नंतर

आमचं घर नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढे, अंगण संपलं की द्राक्षबाग. चिंगी आमची गावठी कुत्री. पिवळसर अंग, एक कान उभा, एक पडलेला. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत थॉमसन जातीच्या द्राक्षांची काढणी चालू होती. क्रेटमधून गळलेले मणी अंगणभर पडले होते आणि चिंगी ते एकेक करून टिपत होती. आम्ही कौतुकाने बघत होतो. रात्री दोन वाजता तिला उलट्या सुरू झाल्या. सकाळी डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, “द्राक्षं खाल्लीत का हिने?” द्राक्षं आणि बेदाणे यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, हे सगळा जन्म बागेत गेलेल्या आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. तीन दिवस सलाईन लावलं तेव्हा ती उठून बसली.

किती मणी खाल्ले तर चालतात, असं कोणीच सांगू शकत नाही. एखाद्याला काही होत नाही आणि एखाद्याला थोड्याशांनीही होतं. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल याला कारण असावं असं डॉक्टरांना वाटतं, आणि ते चिंचेतही भरपूर असतं. म्हणजे दारात चिंचेचं झाड असेल तर तिथेही लक्ष हवं. तेव्हापासून कोणी पिल्लू आणलं की मी सांगते, पंजा द्यायला नंतर शिकवा. आधी ‘सोड’ आणि ‘इकडे’ हे दोन शब्द पक्के करा. जीव त्यांनी वाचतो.

सुरुवात शब्द ठरवण्यापासून. आमच्याकडे मुलगा ‘सिट’ म्हणायचा, सासूबाई ‘खाली बस गं’, आणि हे नुसतंच ‘ए!’. त्यात ‘बस’ हा शब्द आपण दिवसभर भलत्याच अर्थाने वापरतो: ‘बस झालं’, ‘बस, आणखी वाढू नका’. कुत्र्याला अर्थ कळत नाही, त्या आवाजामागून काय घडतं ते कळतं. दिवसातून पन्नास वेळा तोच आवाज आला आणि काहीच घडलं नाही, तर ते तिकडे कान देणं सोडून देतं. म्हणून आम्ही ‘बैस’ ठरवलं. ‘ये’ तर मुलांना जेवायला बोलावताना सारखंच तोंडात येतं, म्हणून त्याऐवजी ‘चिंगी, इकडे’. कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं आणि सासूबाईंनी ते सगळ्यांत काटेकोर पाळलं. शब्द एकदाच म्हणायचा. ‘बैस, बैस, बैस गं’ केलं की कुत्रं तिसऱ्या ‘बैस’ची वाट बघायला शिकतं.

बक्षीस म्हणजे उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे, मीठ-मसाला-कांदा काही नाही. घरात मांसाहार नसेल त्या दिवशी पनीर. शिकवणी जेवणाआधी, पोट रिकामं असताना, चार-पाच मिनिटांची, दिवसातून तीनदा. जास्त ताणलं की दोघंही वैतागतात.

आता ‘सोड’. मुठीत तुकडा धरा आणि मूठ तिच्या नाकासमोर न्या. ती हुंगेल, चाटेल, पंजाने ओरबाडेल. तुम्ही काही बोलू नका, हातही मागे ओढू नका. चिंगीने पहिल्या दिवशी माझी बोटं दीड-दोन मिनिटं चाटली, मग कंटाळून नाक बाजूला केलं. तो क्षण पकडायचा. नाक हललं की लगेच ‘शाब्बास’, आणि दुसऱ्या हातातला तुकडा द्यायचा. मुठीतला कधीच नाही, कारण ‘सोड’ म्हटलेली वस्तू शेवटी मिळतेच असं तिला वाटता कामा नये. उशीरही करू नका. चार-पाच सेकंदांनी दिलं, तर तोपर्यंत ती शेपटीकडे बघत असते आणि बक्षीस शेपटी बघण्याचं होतं.

मूठ पुढे आली की ती आपणहून मागे सरायला लागली, तेव्हाच ‘सोड’ हा शब्द जोडा. मग उघडा तळहात. मग तुकडा जमिनीवर, झडप घातलीच तर झाकायला पाऊल तयार ठेवून. मग पट्ट्यात धरून त्या तुकड्याजवळून चालत जायचं. आम्हाला यालाच तीन आठवडे लागले. घरात येतं ते बाहेर लगेच येत नाही, म्हणून आधी गच्ची, मग अंगण, मग सकाळी सहाला गोदापार्क, आणि सगळ्यांत शेवटी रविवारची गर्दी. खऱ्या द्राक्षावर सराव नको, पाय घसरला तर मणी पोटात जायचा.

‘इकडे’साठी दहा मीटरचा दोर घ्या. बोलवा, आली की पट्ट्याला हात लावा, बक्षीस द्या आणि पुन्हा खेळायला सोडा. आल्यावर पकडून कोंडलं किंवा उशीर केला म्हणून रागावलं, तर पुढच्या वेळी कोण येईल? आंघोळ घालायची असेल किंवा औषध द्यायचं असेल, तेव्हा तुम्हीच तिच्याकडे जा.

पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारत असेल तर पाठ फिरवा, चारही पाय जमिनीवर आले की बोला. पट्टा ओढत असेल तर जागीच थांबा, पट्टा सैल झाला की पुढे चला. पहिले काही दिवस कोपऱ्यापर्यंत जायला वीस मिनिटं लागतील, लागू द्या. चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडायला लागतात, तेव्हा चपला कुरतडल्या जाणारच. चपला उचलून ठेवा आणि तिला चावायला ओलं थंड फडकं द्या.

गुरगुरण्याबद्दल मात्र कळकळीने सांगते, त्यासाठी मारू नका. गुरगुरणं म्हणजे ‘मला भीती वाटतेय, लांब राहा’. मार खाऊन कुत्रं गुरगुरणं बंद करतं, भीती तशीच राहते, आणि मग इशारा न देता चावतं. सिडकोत आमच्या नात्यातल्या एकांकडे एक शिकवणारा यायचा. त्याने पाच महिन्यांच्या पिल्लाला गळ्यात आवळणारी साखळी घालून झटके द्यायला लावले. ते पिल्लू आता मोठं झालंय, पण कोणी केस सारखे करायला हात वर केला तरी जमिनीला चिकटतं. मला ते बघवत नाही.

इतकं करूनही कुत्र्याने द्राक्षं किंवा बेदाणे खाल्लेच, तर उलटीची वाट बघू नका. मीठ पाजून घरी उलटी काढू नका, मिठानेच जास्त घात होतो. किती वाजता आणि अंदाजे किती खाल्लं ते लिहून घ्या आणि निघा. लघवी कमी झाली किंवा बंद झाली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आमच्या फाटकाच्या आतल्या बाजूला काढणीच्या महिन्यांत डॉक्टरांचा नंबर खडूने लिहिलेला असतो. काढणीला येणाऱ्या बायकांनाही पहिल्याच दिवशी सांगते, चिंगी क्रेटकडे वळली तर आरडाओरडा करू नका, दगड उचलू नका, एकदाच ‘सोड’ म्हणा. चिकनच्या तुकड्यांचा डबा पंपाच्या खोलीत ठेवलेला असतो.