ग्रहांचा नवीन डेटा जोडायच्या आधी काय काय बघून ठेवायचं

सगळ्यात पहिले हे ठरवा भाऊ, की आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरात ग्रहांच्या जागांचा नवीन डेटा खरंच पाहिजे का. गच्चीवरून पोरांना गुरू-शनी दाखवायचे असतील तर सॉफ्टवेअरमधला जुना व्हीएसओपी८७ (ग्रहांच्या जागा काढायची सूत्रं) भरपूर झाला, बुध ते मंगळ तो एक आर्कसेकंदाच्या (अंशाचा ३६००वा भाग) आसपास बरोबर देतो. पिधान (चंद्राआड तारा-ग्रह झाकणं) नाहीतर अधिक्रमणाचं (सूर्यबिंबावरून ग्रह जाणं) टायमिंग बारीक काढायचं असेल तेव्हा जेपीएलची, म्हणजे नासाच्या प्रयोगशाळेची, ग्रहांच्या जागांची डीई फाईल घ्या. डीई४४० शंभर एमबीच्या आसपास, १५५० ते २६५० चालते. डीई४४१ अडीच जीबीच्या वर, पण पार इसवी सनाआधी १३ हजार वर्षं जाते. शिवकाळाला छोटी पुरते, ज्ञानेश्वरांच्या काळातलं आकाश बघायचं तर मोठीच लागेल. शिवकाळावरून आठवलं, १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन तारीख आहे, आणि बहुतेक सॉफ्टवेअर १५८२ नंतर ग्रेगोरियन धरतं, म्हणून तिथं १ मार्च टाका, नाहीतर चंद्र भलतीकडेच दिसेल आणि शिव्या फाईलला बसतील.

फॉरमॅट बघा, त्याच डेटाची बायनरी डीई फाईल वेगळी आणि बीएसपी फाईल वेगळी, तुमचं सॉफ्टवेअर कोणती वाचतं ते आधी.

खरी गडबड वेळेची. फाईल टीडीबीत (ग्रहगणिताची एकसारखी वेळ), आपलं घड्याळ आयएसटीत (भारतीय वेळ). साडेपाच तास वजा केले की यूटीसी (जागतिक वेळ), त्यात सध्याचे ६९ सेकंद मिळवले की टीडीबी, हे लोक हमखास विसरतात. मग फ्रेम, म्हणजे मोजायच्या दिशा. आकडे जे२०००च्या, म्हणजे २००० सालच्या दिशांच्या, धर्तीवर येतात, संपातचलन (पृथ्वीचा आस डुलल्यामुळे या दिशांचं हळूहळू सरकणं) न लावता आजच्या जागेशी ताडले तर २५ वर्षांत २१ आर्कमिनिटांचा (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक पडतो, आणि पंचांगवाल्यांना वरून साधारण २४ अंश अयनांश (ताऱ्यांपासून मोजायच्या राशींसाठीची वजाबाकी) वेगळे. अजून एक, फाईलमध्ये पृथ्वी सरळ नसतेच, पृथ्वी-चंद्राचा गुरुत्वमध्य असतो आणि पृथ्वीचं केंद्र त्यापासून साधारण ४,६७० किलोमीटरवर. ते सोडलं तर सूर्य सहाएक आर्कसेकंद सरकू शकतो, शुक्र जवळ असला तर वीसच्या वर.

जुन्या सोर्सचे आकडे आधीच लिहून ठेवा. मग होरायझन्सवर (जेपीएलचं ग्रहांच्या जागा देणारं ऑनलाइन साधन) नागपूर टाकून, २१.१५ उत्तर, ७९.०९ पूर्व, उंची ३१० मीटर, त्याच वेळेचे आकडे काढा. टेस्टला ६ जून २०१२चं शुक्राचं अधिक्रमण मस्त, आपल्याकडे सूर्य उगवला तेव्हा शुक्र बिंबावर होताच, सकाळी दहा-वीसच्या सुमारास बाहेर पडला. २१ डिसेंबर २०२०ची गुरू-शनी युतीपण (दोघं आकाशात जवळ दिसणं) बघा, अंतर सहा आर्कमिनिटं यायला पाहिजे.

जुना सोर्स डिलीट नका करू, फाईलच्या बाहेरची तारीख कोणी टाकली की तोच कामी येते.