गणपतीला पुण्याहून सावंतवाडीला गाडीने जाताना: पेट्रोलची तयारी

निघायच्या दोन दिवस आधी हवा भरून घ्या, तीही सकाळी, टायर थंड असताना. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर भरलेल्या गाडीसाठी हवेचा वेगळा आकडा दिलेला असतो. पाच माणसं, बॅगा आणि आईने बांधून दिलेले डबे घेऊन जाताना तोच आकडा धरायचा. टपावर रिकामं कॅरिअर असेल तर काढून ठेवा, वाऱ्याला अडून ते उगाच पेट्रोल खातं.

पुण्यातच टाकी फुल करायची घाई नको. पेट्रोल जीएसटीत नाही, त्यामुळे राज्य बदललं की व्हॅट बदलतो आणि भावही. कोल्हापूर सोडून कागलच्या पुढे गेलात की कर्नाटक लागतं. निपाणीला आपल्यापेक्षा थोडं स्वस्त मिळतं, पण फरक रुपया-दोन रुपयांचाच. आजरा-आंबोलीमार्गे जाणार असाल तर पंप वाटेतच आहेत, तिथे भरा. नाहीतर त्यासाठी रस्ता बदलू नका.

खरा फरक गोव्यात. अलीकडे लिटरमागे 8 रुपयांच्या आसपास असतो, तरी निघायच्या दिवशी भाव बघा, कारण 2017 पासून तो रोज सकाळी 6 वाजता बदलू शकतो. आता हिशेब करा. सावंतवाडीहून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीला जाऊन-येऊन तीस-पस्तीस किलोमीटर, म्हणजे दोन लिटरहून जास्त पेट्रोल, दोनशेच्या वर रुपये. 35 लिटर भरून वाचणार 280. हातात उरले पन्नास-साठ, वर अर्धी सकाळ गेली. त्यापेक्षा शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला किंवा गोव्यातल्या नातेवाइकांकडे गणपती बघायला जाणारच असाल, तेव्हा टाकी रिकामी होत आलेली असेल असं बघा. सावंतवाडीत मध्येच हजाराचं टाकू नका, सगळं गणित तिथेच बिघडतं. मात्र कॅनमध्ये भरून आणू नका. मुलं बसलेल्या गाडीत पेट्रोलचा कॅन नकोच.

पंपावर खाली उतरा आणि झिरो स्वतः बघा. मागे एका पंपावर मी दोन हजार सांगितले, पोराने दोनशेला थांबवलं, "सर, दोनशेच ऐकलं" म्हणत पुढे सुरू केलं, आणि झिरोपासून मोजलं की नाही ते मला कळलंच नाही. तेव्हापासून मी मशीनसमोरून हलत नाही. माप कमी वाटलं तर 5 लिटरचं प्रमाणित माप मागा, ते पंपावर ठेवावंच लागतं. नोझल आपोआप बंद झालं की बस, रक्कम गोल करायला वर ओतू देऊ नका. 110 किंवा 510 चं भरून काही जास्त मिळत नाही, पहाटे भरूनही नाही. टाक्या जमिनीखाली असतात, तिथे तापमान फारसं हलत नाही. गाडीच्या पुस्तकात सांगितलं नसेल तर प्रीमियम पेट्रोलही नको.

आंबोली घाट उतरताना न्यूट्रल करू नका, हे कळकळीने सांगतो. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की आजच्या इंजिनात पेट्रोल जाणंच थांबतं. न्यूट्रलमध्ये ते जळत राहतं आणि ब्रेक तापतात ते वेगळंच.

परतीला गोव्यात भरलेल्या टाकीतच, पंप न शोधता, पुणं गाठता येतं.